शून्य ते तीन

तीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण.
अंतानानारिव्होहून आणलेत मी, प्लास्टिकच्या पिशवीत,
उलांडीच्या होडीत पाणी येतं हे मागच्या खेपेला कळलं म्हणून.
बेलाकानाच्या वाळूत लाहिमासी उकिडवा बसलाय.
मांडीवर वही, वहीवर दगड.
वारा दक्षिणेचा.

हद्द ठरलेली आहे का?
आहे.
दिसते का?
तो हसतो. बोया पाच होत्या.
दोन वादळानं नेल्या, एक कुणीतरी नेली,
एकीला शाळेमागे पोरं लाथा मारतात.
उरलेल्या एकीपासून पुढची रेघ त्याच्या बोटात आहे:
त्या गोरखचिंचेच्या बुंध्यावरून सरळ
फुटक्या कातळापर्यंत.
बोटाला गुण नाहीत. मी एक लिहिते.

माणसं पुरेशी आहेत?
तो, त्याचा मेहुणा आणि मेहुण्याचा खोकला.
इंधन?
महिन्यातले नऊ दिवस. मग शीड.
लिखित, मंजूर आराखडा?
आहे की. फ्रेंचमध्ये. गावप्रमुखाच्या पेटीत.
किल्ली प्रमुखाच्या कमरेला,
आणि प्रमुख तोलियाराला, मुलीच्या बाळंतपणाला.
दोन, लिहिते मी. पेटी तरी पाहिली.

उरलेले प्रश्न उद्यावर टाकून
त्याच्याच झोपडीत, जाळ्यांच्या वासात, आडवी झाले.

ओहोटी दीडला लागली.
मला जाग आली तेव्हा दाराशी त्याच्या चपला होत्या, तो नव्हता.
लांब, बंद ठेवलेल्या प्रवाळावर
विजेरीचा एक ठिपका वाकत होता, उठत होता, वाकत होता.
मग त्याच्याशेजारी काही वेळ दुसरं काहीच हललं नाही.
मग ठिपका विझला.

परत आला तो गुडघाभर पाण्यातून.
हातात तिचा भाला, भाल्याला तीन ऑक्टोपस,
मेलेले, आता परत सोडून उपयोग नाही असे.
मागून वोलाझारा.
त्याच्या बुडालेल्या भावाची बायको.
कुणी कुणाशी बोललं नाही.
तिच्या परकराचं पाणी वाळूत ठिबकताना ऐकू येत होतं, इतकं.

सकाळी चिंचेखाली गाव बसलं.
गावाचा कायदा: एक शेळी.
तिच्याकडे एकच होती.
तिनं ती स्वतः आणली, स्वतः बांधली,
आणि गाठ नीट बसली का ते दोनदा पाहिलं.

लाहिमासीनं दगड बाजूला केला, वही उघडली.
तारीख. ओहोटीची वेळ. तीन नग.
नाव, बापाच्या नावासकट.
भावजय असं कुठे लिहिलं नाही.

प्रश्न सत्ताविसावा.
वर्षभरात नियमभंग किती? कमी, तितके गुण जास्त.
चौदा, तो म्हणाला. कालचा धरून.
असं म्हणाला, की एखाद्यानं आपली पोरं मोजून सांगावीत.

मागच्या आठवड्यात मी पलीकडे, नोसीफालीला होते.
त्यांची वही कोरी. पानांना अजून दुकानाचा वास.
तीन दिले मी. मीच.
त्यांच्या पहारेकऱ्याच्या टाचा मऊ होत्या,
हे पाहिलं होतं.
टाचांचा रकाना नव्हता.

काय झालं, त्यानं विचारलं, पेन संपलं?
नाही म्हटलं.
चौदा लिहिले. शेजारचा चौकोन
तसाच ठेवला. वरिष्ठ विचारतील.
विचारू देत, असं मनात आलं, पण ते तितकं ठाम नव्हतं.

परतीला होडी वोलाझाराच्या मुलानं घेतली.
अकरा-बारा वर्षांचा, रात्रीचं सगळं ठाऊक असलेला, गप्प.
वारा पाठीशी, पाणी सपाट, समोर सरळ वाट.
मध्येच त्यानं वल्हं रोवलं आणि वळला.
रिकाम्या पाण्याभोवती लांबलचक वळसा,
जिथे बोया नाही, खांब नाही, काहीच नाही.

का रे, मी विचारलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
भिंतीतून का जात नाही असं विचारणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

पाऊण तास जास्त लागला.
पिशवीत पाणी शिरलंच.